संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना युद्ध खरंच थांबवते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शांतिसेनेबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, निळी टोपी घातलेले जवान नुसते बघत उभे राहतात. दोन, ते गेले की शांतता येते. दोन्ही मतं अपुरी आहेत. कुठली मोहीम कशामुळे चालली आणि कुठली कशामुळे फसली, हे तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून ही प्रश्नोत्तरं.

शांतिसेना ही नक्की कोणाची सेना?

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःची सेना नाही. भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा, घाना असे देश आपल्या तुकड्या ठरावीक मुदतीसाठी पाठवतात. गणवेश स्वतःच्या देशाचा, डोक्यावर निळं हेल्मेट. रोजच्या कामाचे आदेश मोहिमेचा फोर्स कमांडर देतो. पगार, बढती आणि शिस्तभंगाची कारवाई मात्र मायदेशाच्या हाती राहते. या दुहेरी लगामामुळे काय काय होतं, ते पुढे येईलच.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेनेचा उल्लेखसुद्धा नाही. १९४८ साली अरब-इस्रायल शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला निरीक्षक गेले, तिथून सुरुवात झाली. सशस्त्र तुकड्या पहिल्यांदा गेल्या त्या १९५६ मध्ये, सुएझ प्रकरणात. सनदेचं सहावं प्रकरण वाटाघाटींचं आहे आणि सातवं बळाच्या वापराचं. तेव्हाचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांनी शांतिसेनेला ‘साडेसहावं प्रकरण’ म्हटलं, ते याच अधांतरीपणामुळे.

थेट उत्तर द्या: याने संघर्ष सुटतात का?

सुटत नाहीत. थांबलेली लढाई थांबलेली ठेवण्याचं काम मात्र शांतिसेना बऱ्यापैकी करते, आणि ते काम लहान नाही.

कोलंबिया विद्यापीठाच्या व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी यादवी युद्धांनंतरच्या शस्त्रसंधींचा अभ्यास केला. जिथे शांतिसेना होती तिथे युद्ध पुन्हा पेटण्याचा धोका निम्म्याहून जास्त घटलेला त्यांना आढळला. लिसा हल्टमन, जेकब कॅथमन आणि मेगन शॅनन यांच्या अभ्यासातून दुसरी गोष्ट पुढे आली: सैनिक आणि पोलीस जितके जास्त, तितकी सामान्य लोकांची कत्तल कमी. नि:शस्त्र निरीक्षक वाढवून तसा परिणाम दिसत नाही.

नुसती यशापयशाची यादी करून टक्केवारी काढणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. शांतिसेना सोप्या जागी पाठवतच नाहीत. जिथे भांडण आपोआप मिटण्यासारखं असतं तिथे कोणी तिला बोलावत नाही. त्यामुळे अपयशं जास्त दिसणार हे उघड आहे.

मोहीम उभी कशी राहते? इतका वेळ का लागतो?

आधी सुरक्षा परिषदेचा ठराव लागतो. पंधरापैकी किमान ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणाचाही नकाराधिकार नको. ठरावात मँडेट लिहिलेलं असतं: काय करायचं, किती सैनिकांपर्यंत, किती मुदतीत. मुदत बहुधा सहा महिने किंवा एक वर्ष, मग नूतनीकरण. यातली सैनिकसंख्या ही कमाल मर्यादा असते. तितके जवान येतीलच असं नाही.

ठराव झाला की सचिवालय देशोदेशी विचारणा करतं. एखादा देश बटालियन, म्हणजे साधारण ८०० ते ८५० जवान, द्यायला तयार झाला की पाहणी होते आणि मग सामंजस्य करार. या कराराचं परिशिष्ट हाच खरा कागद. चिलखती गाड्या किती, जनरेटर किती, पाणी शुद्ध करायची यंत्रं, स्वयंपाकघर, दवाखाना कुठल्या पातळीचा, सगळं मोजून लिहिलेलं. साहित्य ‘वेट लीज’वर दिलं तर दुरुस्ती आणि सुटे भाग त्या देशाने पाहायचे आणि भाडं जास्त मिळतं. ‘ड्राय लीज’मध्ये दुरुस्ती संयुक्त राष्ट्रांच्या गळ्यात, भाडं कमी. दर तीन महिन्यांनी साहित्याची तपासणी होते. बंद पडलेल्या गाडीचं भाडं कापलं जातं.

मग जहाज, बंदर, कच्चा रस्ता, पावसाळा. साध्या मोहिमेला ३० दिवस आणि गुंतागुंतीच्या मोहिमेला ९० दिवस, हे लक्ष्य संयुक्त राष्ट्रांच्याच २००० सालच्या ब्राहिमी अहवालाने सुचवलं होतं. प्रत्यक्षात मोठ्या मोहिमेला कित्येक महिने जातात. हेलिकॉप्टर आणि फिरतं रुग्णालय ही दोन साधनं सगळ्यात उशिरा मिळतात, कारण ती ज्यांच्याकडे आहेत ते देश ती सहसा देत नाहीत.

पैसा कोण देतं?

शांतिसेनेची वर्गणी सक्तीची आहे. श्रीमंत देशांना आणि पाच कायम सदस्यांना जास्त वाटा. अमेरिका आणि चीन मिळून सध्या निम्मा भार उचलतात, निदान कागदावर. २०२४-२५ साठी सगळ्या मोहिमांचं मिळून अंदाजपत्रक सुमारे ५.६ अब्ज डॉलर होतं. जगाच्या लष्करी खर्चाशी ताडून पाहिलं तर हा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे.

सैनिक देणाऱ्या देशाला दर जवानामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या वर परतावा मिळतो. तो सरकारला मिळतो, थेट जवानाला नाही. वर्गणी थकली की पहिला फटका या परताव्याला बसतो. म्हणजे श्रीमंत देश पैसे थकवतात आणि ढाका, काठमांडू, दिल्ली उधारीवर जवान ठेवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीअभावी सुमारे एक चतुर्थांश शांतिसैनिक परत पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यात गुणवत्तेचा प्रश्न नव्हता, तिजोरी रिकामी होती.

यशस्वी मोहिमेचं एक उदाहरण सविस्तर सांगा.

पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन घेऊ. कारण ही मोहीम आधी सपशेल आपटली आणि मग सावरली, त्यामुळे नेमकं काय बदललं ते दिसतं.

मार्च १९९१ मध्ये फोडे सांकोह याच्या रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंटने, म्हणजे आरयूएफने, युद्ध सुरू केलं. पूर्वेकडच्या खाणींमधले हिरे शेजारच्या लायबेरियातून बाहेर जात आणि तिथून शस्त्रं येत. जुलै १९९९ मध्ये टोगोची राजधानी लोमे इथे करार झाला. करारात सांकोहला माफी मिळालीच, वर उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिज आयोगाचं अध्यक्षपदही. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या!

ऑक्टोबर १९९९ मध्ये ६,००० जवानांची मंजुरी घेऊन ‘युनामसिल’ मोहीम सुरू झाली. कमांडर होते भारताचे मेजर जनरल विजय जेटली. त्याआधी तिथे नायजेरियाच्या नेतृत्वाखालची पश्चिम आफ्रिकी फौज लढत होती. २००० च्या मे महिन्याच्या सुरुवातीस तिने काढता पाय घेतला, आणि नेमक्या त्याच दिवसांत आरयूएफने शस्त्रं जमा करण्याच्या छावण्यांवर हल्ले केले. बघता बघता सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस झाले.

कारणं सरळ होती. जवान हळूहळू आले आणि तुकड्या-तुकड्यांनी दूरवर विखुरले गेले. एकमेकांच्या मदतीला जाण्याइतकी वाहनं नव्हती. काही तुकड्या करारात लिहिलेल्या साहित्याशिवाय उतरल्या होत्या. शिवाय आपण शांत प्रदेशात पहारा द्यायला आलोय, अशी अनेकांची समजूत होती.

कैलाहुनमध्ये ५/८ गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या वेढ्यात अडकल्या. त्यांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत. अडीच महिने वाटाघाटी चालल्या, अन्न तुटपुंजं झालं. शेवटी जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ झालं. भारतीय पायदळ आणि भारताचीच हल्ला करणारी हेलिकॉप्टर, जोडीला ब्रिटिश चिनूक, अशा बळावर २२२ भारतीय जवान आणि ११ लष्करी निरीक्षक बाहेर काढले गेले. या कारवाईत एका भारतीय जवानाला वीरमरण आलं.

पण मोहीम सावरली ती एका धाडसी कारवाईने नव्हे. चार गोष्टी एकत्र आल्या. ब्रिटनने स्वतःचं सैन्य राजधानी फ्रीटाउनमध्ये उतरवलं आणि सरकारी लष्कराला प्रशिक्षण दिलं. जुलै २००० मध्ये सुरक्षा परिषदेने प्रमाणपत्र नसलेल्या सिएरा लिओनी हिऱ्यांवर बंदी घातली, मार्च २००१ मध्ये लायबेरियावरही निर्बंध आले आणि आरयूएफची रसद आटली. गिनीच्या लष्कराने सीमेवर आरयूएफला जबर मार दिला. आणि मँडेटची मर्यादा वाढत वाढत मार्च २००१ मध्ये १७,५०० वर गेली. तेव्हाची ती सर्वात मोठी मोहीम. भारत मात्र तोवर बाहेर पडला होता. जेटलींनी नायजेरियन अधिकाऱ्यांवर ठेवलेले आरोप फुटले, नेतृत्वावरून वाद पेटला आणि दिल्लीने तुकड्या मागे घेतल्या. त्यांची जागा मुख्यतः पाकिस्तान आणि बांगलादेशच्या जवानांनी भरून काढली.

जानेवारी २००२ पर्यंत सत्तर हजारांहून जास्त लढवय्यांनी शस्त्रं टाकली, मे महिन्यात निवडणूक झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये मोहीम आवरली गेली. देश गरीबच राहिला, पण ते युद्ध परत पेटलं नाही. आरयूएफला बळ पुरवणारे लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली.

शस्त्रं जमा करण्याचं काम कसं चालतं? त्यात काय बिघडतं?

लढवय्या ठरलेल्या केंद्रावर येतो. बंदूक देतो, नोंद होते, ओळखपत्र मिळतं, काही दिवस छावणीत राहतो. मग हातात थोडी रक्कम आणि पुढे सुतारकाम, शेती किंवा शाळा. या साखळीतला शेवटचा दुवा सगळ्यात कच्चा असतो. बंदूक गोळा करायला पैसे लगेच मिळतात, पण धंदा शिकवायचा निधी देणगीदारांच्या मर्जीवर असतो आणि तो उशिरा येतो.

लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये पुरेसे शांतिसैनिक पोचायच्या आधीच केंद्र उघडलं. अपेक्षेच्या कितीतरी पट लोक आले. पैसे कधी मिळणार यावरून राजधानी मन्रोव्हियात दंगल उसळली, माणसं मेली आणि सगळं थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी ते नीट सुरू झालं. ३०० डॉलर, दोन हप्त्यांत. बंदूक नसेल तर १५० काडतुसं दाखवली तरी चालत होती. परिणाम असा की एक लाखाच्या वर ‘लढवय्ये’ नोंदले गेले आणि बंदुका जमल्या जेमतेम २८ हजार. बाकीचे कोण होते? भाचे, पुतणे, गावकरी, आणि खरोखरचे स्वयंपाकी आणि हमाल. तरीही हा पैसा वाया गेला असं सरसकट म्हणता येत नाही. टोळीतल्या ज्या बायका-मुलांकडे बंदूक नव्हती, त्यांना कडक अटींमुळे इतर देशांत वगळलं गेलं होतं.

मग रवांडा आणि स्रेब्रेनिका का घडलं?

रवांडात १९९३ मध्ये २,५४८ जवानांची मंजुरी होती. कॅनडाचे कमांडर रोमियो दालेर यांनी जानेवारी १९९४ मध्येच हुतू कट्टरपंथीयांच्या शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाला, कळवली. छापा टाकायची परवानगी मिळाली नाही. ७ एप्रिलला १० बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी परत बोलावली, आणि कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने संख्या २७० वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं, मुख्यतः तुत्सी, मारली गेली. मे महिन्यात ५,५०० जवान मंजूर झाले खरे, पण ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. उरलेल्या मूठभर जवानांनी राजधानी किगालीच्या स्टेडियममध्ये हजारो लोकांना वाचवलं, हेही विसरू नये. थोडे जवान जर हे करू शकत होते, तर जास्त असते तर काय झालं असतं, हा प्रश्न सुरक्षा परिषदेला चुकवता येत नाही.

बोस्नियातलं स्रेब्रेनिका १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर झालं. अशा क्षेत्रांच्या रक्षणासाठी ३४,००० जादा सैनिक लागतील असा लष्करी अंदाज होता. परिषदेने ७,६०० मंजूर केले. जुलै १९९५ मध्ये काही शे डच जवानांसमोर गाव बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलं मारली गेली. आश्वासन मोठं आणि फौज तुटपुंजी असली की लोक त्या आश्वासनावर विसंबून तिथेच थांबतात. रिकाम्या शब्दापेक्षा हे जास्त घातक.

जवान गोळी कधी झाडू शकतात?

स्वसंरक्षणासाठी आणि मँडेटच्या रक्षणासाठी. १९९९ च्या सिएरा लिओन ठरावापासून बहुतेक मोठ्या मोहिमांना सातव्या प्रकरणाखाली सामान्य नागरिकांच्या संरक्षणासाठी बळ वापरायची मुभा आहे. म्हणजे ‘आदेश नव्हता’ ही सबब आता कागदावर टिकत नाही.

तरी प्रत्यक्षात काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयाने २०१४ मध्ये आकडे मांडले. २०१० ते २०१३ दरम्यान नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या ५०७ घटना अहवालांत होत्या. त्यातल्या फक्त १०१ घटनांत, म्हणजे पाचातल्या एकात, मोहिमेने लगेच काही केलं. याचं मोठं कारण तो दुहेरी लगाम. कमांडर आदेश देतो आणि तुकडीचा अधिकारी आधी आपल्या राजधानीला फोन लावतो. काही देश तर लेखी अटी घालूनच जवान पाठवतात: अमुक भागाबाहेर नाही, रात्रीची गस्त नाही.

काँगोत २०१३ मध्ये उलट प्रयोग झाला. टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावीच्या जवानांची हल्ला करू शकणारी ब्रिगेड उभारली आणि काँगोच्या लष्कराबरोबर तिने एम२३ या बंडखोर गटाला नोव्हेंबरपर्यंत हरवलं. प्रयोग यशस्वी म्हणावा, तर तोच गट शेजारच्या रवांडाच्या पाठबळावर पुन्हा उभा राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर त्याने घेतलं. रसद बाहेरून चालू असेल तोवर ब्रिगेडने काय करायचं?

यजमान देशाने ‘चालते व्हा’ म्हटलं तर?

जावं लागतं. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी मे १९६७ मध्ये सिनाई-गाझातली सेना काढायला सांगितली. कमांडर होते भारताचे मेजर जनरल इंदरजित रिखये. सेना निघत असतानाच ५ जूनला युद्ध पेटलं आणि गाझात भारतीय जवानही मारले गेले. मालीने जून २०२३ मध्ये तेच केलं. वर्षाअखेर दहा वर्षांची मोहीम गुंडाळली गेली, तोवर तिथे ३०० हून जास्त शांतिसैनिक दगावले होते.

सायप्रस आणि काश्मीरमध्ये इतकी वर्षं का?

सायप्रसमध्ये १९६४ पासून सेना आहे, १८० किलोमीटरचा पट्टा सांभाळते. लढाई नाही, तोडगाही नाही. २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रियट ‘हो’ म्हणाले, ग्रीक सायप्रियट ‘नाही’. पहारा चोख असल्यामुळे तडजोडीची निकड कोणालाच वाटत नाही, हा आरोप बिनबुडाचा नाही. पण पर्याय १९७४ च्या तुर्की आक्रमणासारखा असेल तर पट्टा परवडला.

काश्मीरमध्ये १९४९ पासून आहेत ते निव्वळ निरीक्षक. सिमला करारानंतर त्यांचं काम संपलं, ही भारताची भूमिका. पाकिस्तान त्यांच्याकडे तक्रारी देत राहतो. परिणामकारकता मोजायला हे उदाहरण जवळजवळ निरुपयोगी आहे.

शांतिसैनिकांनी केलेल्या गुन्ह्यांचं काय?

हा सगळ्यात काळा भाग. लैंगिक अत्याचार झाला तर संयुक्त राष्ट्रं जवानाला परत पाठवू शकतात, खटला चालवू शकत नाहीत. तो त्याच्या देशाने चालवायचा, आणि पुष्कळदा चालत नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या प्रकरणांनंतर २०१५ मध्ये मोहीमप्रमुख बाबाकार गाय यांना पद सोडावं लागलं. हैतीत २०१० मध्ये शांतिसेनेच्या तळावरच्या सांडपाण्यातून कॉलरा नदीत पोचला आणि सुमारे १०,००० माणसं मेली. सरचिटणीसांनी माफी मागायला २०१६ उजाडलं. शौचालयाच्या टाकीची नीट देखरेख हाही मोहिमेच्या यशाचा भाग असतो, तो असा.

भारताचा वाटा किती?

आजवर ५० हून जास्त मोहिमांत अडीच लाखांहून कितीतरी अधिक भारतीय गेले आणि पावणेदोनशेच्या आसपास प्राण गमावून बसले. हा आकडा कुठल्याही देशापेक्षा जास्त आहे. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना १९६१ मधल्या काँगोतल्या पराक्रमासाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. जनरल थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसमध्ये कमांडर असताना वारले. २००७ मध्ये लायबेरियात भारताने संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी पाठवली, ती जगातली पहिली. अलीकडे दक्षिण सुदानच्या मोहिमेतल्या फौजेचं नेतृत्व लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांनी २०१९ ते २०२२ या काळात केलं.

श्रीलंकेतली आयपीकेएफ, म्हणजे भारतीय शांतिसेना, हीच का?

नाव तेच, जात वेगळी. ती १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून गेली होती. संयुक्त राष्ट्रांचा संबंध नव्हता. महत्त्वाच्या पक्षाची, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची, मनापासून संमती नव्हती आणि काही आठवड्यांत शांतिसेना स्वतःच युद्धातला पक्ष बनली. १९९० मध्ये परतेपर्यंत अकराशेहून जास्त भारतीय जवान गेले.

मला या मोहिमांत जाता येईल का?

लष्करी तुकडीत वैयक्तिक अर्ज चालत नाही. सेना मुख्यालय बटालियन निवडतं आणि निघण्याआधी दिल्लीच्या शांतिसेना प्रशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाप्रमाणे तयारी होते. पोलीस अधिकाऱ्यांची नावं राज्याकडून केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जातात. नागरी पदांसाठी, म्हणजे अभियंते, लेखापाल, दुभाषे, कायदेतज्ज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या भरती संकेतस्थळावर थेट अर्ज करायचा. तरुणांसाठी संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक हा वेगळा मार्ग आहे. फ्रेंच येत असेल तर पारडं बरंच जड होतं, कारण काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातलं काम फ्रेंचमध्ये चालतं. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यासाठी संयुक्त राष्ट्रं एक रुपयाही घेत नाहीत. ‘पीसकीपिंगमध्ये नोकरी’ म्हणून कोणी शुल्क मागितलं तर ती फसवणूक समजा आणि सायबर पोलिसांकडे १९३० या क्रमांकावर तक्रार करा.